बीवायडी सील परफॉर्मन्स: ५३० हॉर्सपॉवरची गाडी एका चार्जमध्ये खरंच किती चालते?

बीवायडी या चिनी कंपनीच्या सील या इलेक्ट्रिक सेडानचं सगळ्यात वरचं मॉडेल (परफॉर्मन्स) घ्यायला निघालेल्या माणसाला ओळखीतला कुणीतरी हटकतोच: एवढी पॉवर घेतलीस तर रेंज कुठून मिळणार? भीती रास्त आहे, पण तिचं बोट चुकीच्या जागी आहे. या गाडीत पॉवर जवळजवळ फुकट वापरायला मिळते. रेंज खातो तो वेग, आणि शहरात खातो एसी. हे एकदा आकड्यांत समजलं की गाडी कशी चालवायची, कुठे चार्ज करायची आणि मुळात हेच मॉडेल घ्यायचं का, हे सगळं सोपं होतं.

आधी कंपनीचे आकडे. सील भारतात मार्च २०२४ मध्ये आली. परफॉर्मन्स मॉडेलला पुढे १६० किलोवॅटची इंडक्शन मोटर आणि मागे २३० किलोवॅटची परमनंट मॅग्नेट मोटर आहे. दोन्ही मिळून ३९० किलोवॅट म्हणजे ५३० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), टॉर्क ६७० न्यूटन-मीटर. शून्य ते शंभर ३.८ सेकंदांत, कमाल वेग ताशी १८० किमीवर बांधलेला. बॅटरी ८२.५६ युनिटची (किलोवॅट-तास), एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट रसायनाची ‘ब्लेड’ बॅटरी. गाडीचं वजन २,१८५ किलो. कंपनी सांगते ती रेंज ५८० किमी.

हा ५८०चा आकडा एनईडीसी या जुन्या प्रयोगशाळा चाचणीचा आहे. ही चाचणी जेमतेम ११ किलोमीटरची, सरासरी वेग ताशी ३४ किमीच्या आत, १२०चा वेग काही सेकंदांपुरता आणि एसी बंद. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत हीच गाडी ५२० किमी देते. ती चाचणी प्रत्यक्षाच्या बरीच जवळ जाते, पण आपल्याकडचा मे महिना, भरलेली डिकी आणि चार माणसं तिच्यात नाहीत.

मग प्रत्यक्षात काय? चार माणसं, थोडं सामान, एसी २४ वर आणि सपाट कोरडा रस्ता धरला, तर कायम ८०च्या वेगाला १०० किमीमागे साधारण १५ युनिट लागतात, १००च्या वेगाला १७ आणि १२०ला २१. पूर्ण बॅटरीचा हिशेब केला तर अनुक्रमे ५५०, ४८५ आणि ३९० किमी. पण बॅटरी शून्यापर्यंत कुणी नेत नाही. १०० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत वापरायची ठरवली की हाती उरतात ४९५, ४३५ आणि ३५० किमी. प्रवासाचं नियोजन या तीन आकड्यांवर करावं. ५८० डोक्यातून काढून टाकलेलं बरं.

८० ते १२० एवढ्यातच दीडशे किलोमीटर कुठे गेले? टायरचं घर्षण वेगाबरोबर फारसं वाढत नाही, पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सीलचा ड्रॅग कोएफिशंट ०.२१९ आहे, म्हणजे हवा कापण्यात ही गाडी अव्वल आहे. तरीही ८०ला हवेवर जेवढी ऊर्जा खर्च होते, त्याच्या सव्वादोनपट १२०ला होते. उंच एसयूव्हीचे याहून जास्त हाल होतात. सेडानचा हा फायदा लोक विसरतात.

आता पॉवरकडे. शून्य ते शंभर वेग घेताना २,३५० किलोच्या (माणसांसकट) गाडीत साठणारी गतिज ऊर्जा जेमतेम पाव युनिट असते. मोटर, इन्व्हर्टर आणि टायरमधलं नुकसान धरून ०.३ ते ०.३५ युनिट म्हणा. म्हणजे पेडल तळाला दाबून एकदा शंभर गाठलं की सुमारे दोन किलोमीटरची रेंज जाते. पुढे ब्रेक मारताना रीजनमुळे (मोटरच जनरेटरसारखी चालून वीज बॅटरीत परत टाकते) त्यातलाही काही भाग परत येतो. सिग्नलवर दहा वेळा अशी उडी मारली तरी पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडे फटका नाही. उलट, एक्स्प्रेसवेवर शंभरऐवजी एकशेवीस लावून तासभर शांतपणे गेलात, कुठेही पेडल दाबलं नाही, तरी त्याहून जास्त जातं. पेट्रोल गाडीत मोठं इंजिन रिकामं फिरतानाही पितं, म्हणून आपल्याला पॉवर आणि अ‍ॅव्हरेज यांचं वैर पाठ झालंय. इलेक्ट्रिक मोटर वापरात नसताना फारसं काही खात नाही, आणि पुढची इंडक्शन मोटर तर करंट बंद केला की चुंबकीय रोध न करता मोकळी फिरते. म्हणून एकसारख्या वेगात ही गाडी बहुतेक वेळ मागच्या मोटरवरच चालते.

इको, नॉर्मल आणि स्पोर्ट या मोडबद्दलही असाच गैरसमज आहे. मोड बदलला की पेडलची संवेदना बदलते, इकोमध्ये एसी थोडा सौम्य होतो. कायम १०० ठेवले तर इको आणि स्पोर्टमधला फरक नगण्य आहे. इकोमुळे रेंज वाढते ती पाय आवरला जातो म्हणून.

पॉवरचा खरा उपयोग ओव्हरटेकला. दुपदरी रस्त्यावर ट्रकमागून ८० ते १२० जायला ही गाडी साधारण अडीच सेकंद घेते. विरुद्ध बाजूच्या लेनमध्ये कमीत कमी वेळ राहणं ही सुरक्षिततेची गोष्ट आहे आणि या बाबतीत गाडी बिनतोड आहे. पेडल दाबणं आणि गाडी सुटणं यांच्यात गिअर उतरण्याची वाट बघावी लागत नाही. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. पूर्ण पॉवर घेताना बॅटरीतून ७०० अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. चार्ज कमी असताना सेलचं व्होल्टेज खाली बसतं आणि सिस्टिम पॉवर आवरती घेते. २० टक्क्यांच्या खाली गेल्यावर सकाळी भरलेल्या बॅटरीवर मिळालेला पिकअप गृहीत धरून ओव्हरटेक काढू नये.

शहरात गणित उलटं होतं. तिथे हवेचा रोध नसल्यातच जमा, पण एसी आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून दीड किलोवॅट सतत घेतात, गाडी चालो वा उभी राहो. सरासरी वेग ३० असेल तर १०० किमीमागे ही भर ५ युनिटची. सायनपासून ठाण्यापर्यंत संध्याकाळी रांगत गेलात आणि सरासरी १५वर आली, तर १० युनिटची. गाडी पुढे सरकायला लागतात फक्त १२-१३ युनिट, म्हणजे एसीचा वाटा त्यांच्या जवळपास पोचतो. त्यामुळे मोकळ्या शहरात १७-१८ आणि कोंडीत २२-२३ युनिट हे नेहमीचे आकडे आहेत, गाडीत बिघाड नाही. उन्हात तापलेली गाडी गार करताना पहिली दहा मिनिटं कॉम्प्रेसर याच्या दुप्पट घेतो. मोबाइल अ‍ॅपवरून निघण्याआधी, चार्जरला जोडलेली असतानाच एसी सुरू केला तर हा खर्च बॅटरीऐवजी घरच्या मीटरवर पडतो. २०२४च्या गाडीला काचेच्या छताखाली पडदा नाही. २०२५च्या सुधारित गाडीत विजेवर चालणारा पडदा, उष्णता परतवणारा चंदेरी थर आणि मोठा कॉम्प्रेसर आला. जुनी गाडी सेकंडहँड घेणाऱ्याने आतून लावायची जाळी घेतलीच पाहिजे.

घाटाचं बघू, कारण मुंबई-पुणे करणाऱ्याला हाच प्रश्न पडतो. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत सुमारे ५६० मीटर चढ आहे. चार माणसांसह अडीच टन वजन तेवढं वर उचलायला ३.८ युनिट लागतात, मोटरचं नुकसान धरून ४.२. म्हणजे बॅटरीचे पाच टक्के. बोरघाटात मीटरवरचा आकडा भराभर पडतो तेव्हा घाबरायचं कारण नाही, चढाचा जादा खर्च पाच टक्क्यांवर थांबतो. उतरताना टायर आणि हवेचा वाटा वजा जाता दोन-सव्वादोन युनिट परत येतात, अडीच-तीन टक्के. दादर ते शिवाजीनगर हे साधारण १५० किमी एक्स्प्रेसवेच्या वेगमर्यादेत केलं तर जाताना ३५ टक्के आणि येताना २७-२८ टक्के धरावेत. सकाळी पूर्ण चार्ज करून निघालेली गाडी पुण्यात चार्ज न करता त्याच दिवशी आरामात परत येते.

महाबळेश्वर-पाचगणीला एक वेगळी गोष्ट सांभाळावी लागते. हॉटेलवर रात्रभर १०० टक्के चार्ज करून सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात तर रीजनची ऊर्जा ठेवायला बॅटरीत जागाच नसते. गाडी रीजन कमी करते आणि पाय सोडल्यावर नेहमीसारखी अडत नाही. ब्रेक चांगले आहेत, चारही चाकांना व्हेंटिलेटेड डिस्क आहेत, पण सव्वादोन टनांच्या गाडीचा सगळा भार वळणांच्या उतारावर डिस्कवर टाकू नये. चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवलं की झालं, कारण पूर्ण उतारात येऊन येऊन तीन-एक युनिट परत येतात आणि ९० टक्क्यांवर आठ युनिटची जागा रिकामी असते. रीजन ‘हाय’वर ठेवावं. एवढं करूनही ही गाडी एका पेडलवर पूर्ण थांबत नाही, त्या बाबतीत ती बऱ्याच स्पर्धकांपेक्षा सौम्य आहे.

लांबच्या प्रवासाची कसोटी समृद्धी महामार्गावर लागते. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे हे ७०१ किमी, कारला बहुतांश भागात १२०ची मर्यादा. १२० धरून गेलात तर १४७ युनिट लागतात. पूर्ण बॅटरी वापरून, शेवटी दहा टक्के राखून, वाटेत ७३ युनिट भरावे लागतील, म्हणजे दोन थांबे. १०० धरून गेलात तर ११९ युनिट लागतात, वाटेत ४५ भरावे लागतात आणि एकच थांबा पुरतो. साठ किलोवॅटच्या चार्जरवर पहिल्या पद्धतीत ८० मिनिटं, दुसरीत ५०. त्यात दुसरा थांबा म्हणजे इंटरचेंजवरून उतरणं, अ‍ॅप उघडणं, चार्जरचा प्लग (गन) लावणं, परत रस्त्याला लागणं, यात आणखी पंधरा मिनिटं. कागदावर १२०ने ७० मिनिटं वाचतात, हाती उरतात पंचवीस, आणि २८ युनिट जास्त भरल्याचे सहा-सातशे रुपये वेगळे. दुसऱ्या थांब्यावर आधीच कुणी उभं असेल तर तीही गेली. उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर टायर किती तापतात हे पाहिल्यावर तर १००-१०५ हाच शहाणपणाचा वेग वाटतो.

चार्जिंगमध्ये ही गाडी चांगली आहे, अव्वल नाही. कमाल १५० किलोवॅट. १० ते ८० टक्के ३७ मिनिटांत, म्हणजे सरासरी ९४ किलोवॅट. पण १५० देणारे चार्जर हायवेवर अजून विरळा, तेव्हा ६०चा धरूनच निघावं: १० ते ८०ला तासाभराहून थोडं जास्त. इथे एक बारकावा उपयोगी पडतो. या गाडीच्या बॅटरी पॅकचं व्होल्टेज ५५० आहे. चारशे व्होल्टच्या गाडीला ६० किलोवॅट घ्यायला दीडशे अँपिअर लागतात, सीलला ११० पुरतात. त्यामुळे करंटवर मर्यादा असलेल्या चार्जरवरही सीलला बहुधा पूर्ण ६० मिळतात. उलटा बारकावा दोन गन असलेल्या चार्जरचा. पाटीवर १२० लिहिलेलं असतं, पण दुसऱ्या गनला गाडी लागली की बरेच चार्जर ६०-६० वाटून घेतात. अचानक वेग अर्धा झाला तर गाडीत दोष शोधण्याआधी शेजारी बघावं. आणि ८० टक्क्यांनंतर थांबू नये. शेवटचे पाच टक्के सेल समतोल करण्यात जातात आणि तेवढ्यासाठी रांगेतल्या माणसाला ताटकळत ठेवणं बरोबर नाही.

घरी मात्र शंभर टक्के करायलाच हवेत, आठवड्यातून एकदा. एलएफपी सेलचं व्होल्टेज २० ते ९० टक्क्यांच्या मध्ये जवळजवळ सपाट राहतं, म्हणून किती चार्ज उरला हे सिस्टिमला व्होल्टेजवरून नीट ओळखता येत नाही. ती आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहते आणि छोट्या चुका साठत जातात. पूर्ण चार्ज झाल्यावर मोजमाप पुन्हा जागेवर येतं. ते महिनोन्महिने केलं नाही तर १२ टक्के दाखवता दाखवता मीटर अचानक ५ वर उतरल्याच्या तक्रारी होतात. बॅटरी खराब झालेली नसते, हिशेब चुकलेला असतो.

घरच्या चार्जरला ७ किलोवॅट मिळतात. रिकामी बॅटरी भरायला साडेबारा-तेरा तास आणि नुकसान धरून मीटरवर ९० युनिट. त्यासाठी ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन हवी: ४० अँपिअरचा एमसीबी, ६ चौ. मिमी तांब्याची वायर (मीटर रूम ते पार्किंग अंतर मोठं असेल तर १०), गळती ओळखणारा आरसीबीओ आणि नीट अर्थिंग. अर्थिंग कच्चं असेल तर चार्जर सुरूच होत नाही, आणि इलेक्ट्रिशियन गाडीला दोष देतो. मंजूर भार वाढवून घ्यायला वीज कंपनीकडे आधीच अर्ज करावा, गाडी आल्यावर नको. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर अठ्ठावीस-तीस तास लागतात. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला तेही पुरतं, पण सॉकेट जुना असेल तर तो वितळतो, म्हणून आधी बदलून घ्यावा. घरी आठ रुपये युनिट धरले तर किलोमीटरला दीड रुपया, बाहेरच्या जलद (डीसी) चार्जरवर चार रुपये.

मीटरबद्दल एक सूचना. रेंज दाखवण्याचे स्टँडर्ड आणि डायनॅमिक असे दोन पर्याय सेटिंगमध्ये आहेत. स्टँडर्ड कंपनीच्या आकड्यावरून गुणाकार करतं, म्हणून पूर्ण चार्जला ५८० झळकतं. डायनॅमिक तुमच्या चालवण्यावरून अंदाज देतं. डायनॅमिक ठेवा, आणि खरा भरवसा शेवटच्या ५० किलोमीटरच्या सरासरी युनिटवर ठेवा.

आता जिथे ही गाडी खरोखर अडते ती जागा: पोट. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १४५ मिमीच्या आसपास, चार माणसं बसली की आणखी कमी. शिवाय पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २,९२० मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, आणि तसा असेल तर सील हळू घेतल्यावर सुटते. पण गावागावांत डांबराचा जो अरुंद उंचवटा घातलेला असतो, त्याला पुढची चाकं उतरतात आणि मागची अजून चढलेली नसतात, नेमकी तेव्हा गाडी मधोमध टेकते. त्या जागी बॅटरी आहे, आणि सीलमध्ये बॅटरीचं झाकण हीच केबिनची फरशी आहे. या रचनेमुळे गाडी कमालीची ताठ आणि वळणावर घट्ट बसलेली वाटते, पण खालून लागलेला मार साधा पत्रा बदलून निभत नाही. तिरकं घेणं, मागच्या सीटवरच्यांना उतरवणं हे उपाय आहेतच. कोकणात आतल्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, एवढं स्पष्ट सांगायला हवं.

टायर २३५/४५ आर१९, कॉन्टिनेन्टलचे इकोकॉन्टॅक्ट ६ क्यू. खड्ड्यात कडेला फुगा येण्याएवढी त्यांची बाजू बुटकी आहे, आणि स्टेपनी नाही, पंक्चर किट आहे. कडेचा चीर त्या किटने बंद होत नाही. बदलताना स्वस्तातला जाड रबराचा टायर घातला तर घर्षण वीस टक्क्यांनी सहज वाढतं आणि रेंज सात-आठ टक्क्यांनी घटते. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर गार असताना भरावी. पेट्रोल पंपावरचा मुलगा सवयीने ३२ भरतो, ते या वजनाला कमी पडतं.

शेवटी निवड. २०२५च्या किमतींनुसार प्रीमियम हे सीलचं खालचं मॉडेल ४५.७० लाख, परफॉर्मन्स ५३.१५ लाख, एक्स-शोरूम. बॅटरी तीच, पण प्रीमियम १३० किलोंनी हलकी, एका मोटरची, ३१३ पीएसची, ५.९ सेकंदांची आणि डब्ल्यूएलटीपी रेंज ५७० किमीची. म्हणजे साडेसात लाख जास्त देऊन ५० किमी कमी. परफॉर्मन्समध्ये त्या बदल्यात चारही चाकांना जोर, पावसाळ्यातल्या ओल्या वळणावरची पकड आणि २०२५पासून डायसस-सी हे रस्त्याप्रमाणे आपोआप कडक-मऊ होणारं सस्पेन्शन मिळतं. ओल्या घाटात नियमित गाडी चालवणाऱ्याला आणि चालवण्याचा खरा शौक असणाऱ्याला हा पैसा वसूल आहे. कुटुंबासाठी आरामशीर लांब पल्ल्याची सेडान हवी असेल तर प्रीमियम घ्या. ५.९ सेकंदही भरपूर झाले. किया ईव्ही६ची तुलना होते, ती ८०० व्होल्टची असल्याने चार्जिंगमध्ये पुढे आहे आणि उंचही आहे, पण बरीच महाग.

बुकिंग करण्याआधी टेस्ट ड्राइव्हची गाडी स्वतःच्या सोसायटीत आणायला सांगा. चौघांना बसवून पार्किंगचा उतार चढवा, उतरवा, आणि कुणाला तरी वाकून पोटाखाली बघायला लावा.